कालव्याच्या काठाने

भारतातून आई-वडील किंवा सासू-सासरे न्यू जर्सीत आले की त्यांना काय काय दाखवायचं, याची यादी आपल्याकडे ठरलेली असते. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, टाइम्स स्क्वेअर, ब्रिजवॉटरचं बालाजी मंदिर, एक लांबचा शनिवार-रविवार गाठून नायगारा, जमलं तर वॉशिंग्टन. उरलेल्या दिवसांत मॉल आणि एडिसनची ओक ट्री रोड. सहा महिने राहून माणसं परत जातात आणि सोसायटीत सांगतात, "अमेरिका पाहिली." त्यात त्यांचा काहीच दोष नाही. आपण स्वतः वीस-वीस वर्षं इथे राहून तरी यापेक्षा जास्त काय पाहिलेलं असतं?

एडिसनपासून पश्चिमेला गाडीने तासाभरावर डेलावेअर नदीचं खोरं आहे. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया यांची सीमा म्हणजे ही नदी. आपण तिच्यावरून कितीदा तरी गेलेलो असतो. पोकोनोला बर्फ बघायला जाताना, फिलाडेल्फियाला कोणाच्या तरी डोहाळजेवणाला जाताना. पण ते ताशी पासष्ट मैलांनी, महामार्गाच्या पुलावरून, खाली पाणी आहे हे कळायच्या आत. गेली नऊ वर्षं मी याच खोऱ्यात सायकल चालवते. मे ते ऑक्टोबर महिन्यातून दोन रविवार तरी जातेच. आणि या नऊ वर्षांच्या जोरावर माझं ठाम मत झालंय, की ही जागा आपल्या मराठी मंडळींनी पाहायला हवी, ती नुसती सुंदर आहे म्हणून नाही. ती अशी कशी राहिली, ही गोष्ट आपल्या कामाची आहे म्हणून. पुण्याच्या लोकांच्या तर फारच कामाची आहे. पण त्याकडे नंतर येते. आधी रस्ता सांगते.

ज्यांनी शाळेनंतर सायकलला हात लावलेला नाही त्यांनी बुल्स आयलंडपासून सुरुवात करावी. स्टॉकटन गावाच्या वर नदीच्या आणि कालव्याच्या मधोमध ही जागा आहे. गाडी तिथे लावायची. समोरच नदीवर एक झुलता पूल दिसतो, फक्त पायी जाणाऱ्यांसाठी. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल ज्या रोबलिंग घराण्याने उभा केला, त्यांच्याच ट्रेंटनच्या कंपनीने १९४७ मध्ये जुन्या दगडी खांबांवर हा पूल बांधला. इथल्या पुलांवर सायकल हातात धरून चालायचं असतं, तशी पाटीच आहे, आणि ते बरंच आहे, कारण मधोमध थांबून नदी बघितल्याशिवाय पुढे जाणं हा करंटेपणा होईल. उन्हाळ्यात पाणी इतकं उथळ असतं, की तळाचे दगड मोजता येतात.

पलीकडे पेनसिल्व्हेनियात उतरलं की लंबरविल. तिथून जुन्या डेलावेअर कालव्याच्या काठाची मातीची वाट धरायची आणि उत्तरेला जायचं. एकेकाळी खेचरं कालव्यातल्या बोटी ओढत याच वाटेवरून चालायची. अरुंद वाट आहे, पावसानंतर चिखल होतो, २००४, २००५ आणि २००६ अशा लागोपाठ तीन वर्षांच्या पुरांनी तिची पार दैना केली होती. पण चढ म्हणून नाही. बोटी ओढणाऱ्या खेचरासाठी केलेली वाट, ती सपाटच असणार. उलर्सटाउनला कालव्यावरचा लाकडी छपराचा पूल लागतो, तिथून नदी ओलांडली की फ्रेंचटाउन. कॉफी, पुस्तकाचं दुकान, आइस्क्रीम. परतीची वाट न्यू जर्सीच्या बाजूने, जुन्या रेल्वेच्या मार्गावरून, बारीक खडी दाबून केलेली. एकूण सतरा-अठरा मैलांचा फेरा. मध्ये थांबत थांबत, डबा खात, चार तासांत आरामात होतो. आपल्याकडच्या बायका "मला नाही जमणार गं" म्हणतात तेव्हा मी त्यांना हाच रस्ता सांगते. आतापर्यंत सात जणींना जमलंय.

ज्यांची मांडी आधीच तयार आहे आणि ज्यांना डांबरी रस्ताच हवा, त्यांनी फ्रेंचटाउनहून वर मिलफर्ड आणि तिथून नदीकाठच्या रिव्हर रोडने रीगल्सविल गाठावं. तिथला १९०४ चा पूल, तोही रोबलिंग कंपनीचाच, ओलांडून पेनसिल्व्हेनियाच्या बाजूने खाली यावं. पंचवीसेक मैल होतात. या रस्त्याची गंमत कड्यांमध्ये आहे. मिलफर्डच्या वर न्यू जर्सीच्या बाजूला लाल खडकाचे कडे उभे आहेत. त्यांचं तोंड दक्षिणेला, म्हणून दिवसभर ऊन. त्या कड्यांवर चक्क निवडुंग उगवतो. हो, आपल्या सासवड-जेजुरीच्या माळावर दिसतो तसा फड्या निवडुंग, न्यू जर्सीत! आणि नदीच्या पलीकडे, पेनसिल्व्हेनियात, नॉकामिक्सनचे कडे उत्तरेकडे तोंड करून उभे. तिथे ऊन पोचत नाही, तर खूप उत्तरेकडच्या थंड मुलखातल्या वनस्पती तिथे तग धरून आहेत. एकच नदी, एकाच दिवसाची सायकल, आणि दोन काठांवर दोन हवामानं. गाडीतून हे दिसत नाही. म्हणजे दिसतं, पण कळत नाही. सायकलवर मात्र ऊन सोडून सावलीत शिरलं की अंगावर काटा येतो आणि आपोआप मान वर जाते.

नदी सोडून वरच्या पठारावर गेलं तर खरी शेती. मका, सोयाबीन, गवताच्या गुंडाळ्या, घोडे. फेडरल ट्विस्ट रोड नावाचा एक चढ आहे, त्याच्याबद्दल मी काही बोलणार नाही, ज्याने त्याने अनुभव घ्यावा. पठारावर सर्जंट्सविलजवळ १८७२ चा लाकडी, छप्पर असलेला पूल आहे. न्यू जर्सीत सार्वजनिक रस्त्यावर उरलेला जुन्या काळचा हा एकच. १९६० मध्ये त्याचं मोठं नुकसान झालं, तेव्हा तो काढून टाकून सरळ नवा पूल करायचं ठरत होतं. आसपासच्या लोकांनी ओरडा केला. शेवटी जुनंच लाकूड वापरून पूल पुन्हा उभा केला आणि उलट दिशेच्या गाड्यांसाठी शेजारी दुसरा बांधला. एका ओढ्यावरचा, गाडीला दहा सेकंदही न लागणारा पूल! त्यासाठी एवढा खटाटोप. मला पहिल्यांदा हे वाचून हसू आलं होतं. आता येत नाही.

आता मूळ मुद्दा. हे खोरं असं हिरवं, मोकळं, सायकलने फिरण्याजोगं आपोआप राहिलेलं नाही. न्यू जर्सी हे अमेरिकेतलं सगळ्यात दाट वस्तीचं राज्य. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया या दोन्ही महानगरांपासून हे खोरं फार लांब नाही. बिल्डरांना इथे यायला कोणी अडवलं?

कालव्याचंच बघा. न्यू जर्सीचा डेलावेअर अँड रॅरिटन कालवा १८३० ते १८३४ या काळात खणला. खणणारे बहुतेक आयर्लंडहून आलेले मजूर, हातात कुदळ-फावडं. १८३२ च्या कॉलऱ्यात त्यातले कित्येक गेले आणि काठावरच पुरले गेले. पेनसिल्व्हेनियाचा कोळसा या कालव्यातून न्यूयॉर्ककडे जायचा. मुख्य कालवा बॉर्डनटाउन ते न्यू ब्रन्सविक ४४ मैलांचा, आणि त्याला डेलावेअरचं पाणी पुरवणारा जोडकालवा बुल्स आयलंडपासून ट्रेंटनपर्यंत २२ मैलांचा. मग रेल्वे आली, कालव्याचा धंदा बसला, १९३२ च्या हंगामानंतर बोटी बंद झाल्या.

बंद पडलेल्या कालव्याचं काय करायचं, हा प्रश्न तेव्हा इथेही होता. गाळाने भरलेलं खंदक, डास, कचरा. ट्रेंटन शहरात मुख्य कालव्याचा काही भाग बुजवून त्यावर हमरस्ता केलासुद्धा. पण बाकीचा कालवा राज्याने आपल्याकडे घेतला, कारण त्यातून पिण्याचं पाणी नेता येत होतं. आजही मध्य न्यू जर्सीतल्या सुमारे दहा लाख लोकांना या कालव्याचं पाणी मिळतं. एडिसन-वुडब्रिजकडच्या वाचकांनो, तुमच्या आजच्या चहात बहुधा थोडी डेलावेअर आहे! न्यू जर्सीला नदीतून रोज दहा कोटी गॅलन पाणी घ्यायचा हक्क १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्याने मिळालेला आहे. हे पाणी विकून जे पैसे येतात त्यातून कालव्याची डागडुजी होते. म्हणजे कालवा कोणाच्या दयेवर जिवंत नाही, तो कमावता आहे.

आणि मग १९७४ मध्ये राज्याने कायदा करून कालवा आणि त्याच्या काठाची पट्टी यांचं उद्यान केलं. तेवढंच करून थांबले असते तर दोन्ही बाजूंनी इमारती आल्या असत्या आणि मधे एक गटार उरलं असतं. त्याच कायद्याने एक आयोग नेमला गेला. कालव्याच्या आसपासच्या ठरलेल्या टापूत कोणाला मोठं बांधकाम करायचं असेल तर पाण्याचा निचरा कसा होणार, कालव्यावरून काय दिसणार, हे आधी या आयोगापुढे मांडावं लागतं. मला वाटतं, सगळी मेख इथे आहे. उद्यानाची पाटी लावणं सोपं असतं. पाटीच्या शेजारच्या जमिनीवर बारकाईने लक्ष ठेवणारं, रुक्ष, कंटाळवाणं, कागद तपासणारं कार्यालय पन्नास वर्षं चालू ठेवणं अवघड असतं. नदीकाठच्या रेल्वेचंही तसंच. १८५० च्या दशकात टाकलेली लाइन सव्वाशे वर्षांनी मोडीत निघाली, तेव्हा ती पट्टी तुकड्या-तुकड्याने विकली गेली नाही, उद्यानाला जोडली गेली. म्हणून आज फ्रेंचटाउनहून ट्रेंटनपर्यंत तीसएक मैल तुम्ही जवळजवळ सलग सायकल चालवू शकता.

पण या नदीच्या गोष्टीत दुसरा, कडू भागही आहे, आणि तो वगळून नुसतं अमेरिकेचं कौतुक करत बसणं मला पटत नाही.

फ्रेंचटाउनपासून बरंच वर, जिथे नदी डोंगर फोडून बाहेर येते, त्या डेलावेअर वॉटर गॅपच्या पलीकडे ओल्ड माइन रोड नावाचा रस्ता आहे. अमेरिकेतल्या जुन्यात जुन्या रस्त्यांपैकी एक मानतात त्याला. सायकलसाठी स्वर्ग. गाड्या नाहीत, दुकानं नाहीत, जंगल आणि नदी. एवढी शांतता कशामुळे? १९५५ च्या ऑगस्टमध्ये लागोपाठ दोन वादळं आली, डेलावेअरला महापूर आला, खोऱ्यात शंभराच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर पूर अडवायचा आणि पाणी साठवायचं म्हणून टॉक्स आयलंड इथे मोठं धरण बांधायचं ठरलं. १९६२ मध्ये संसदेने मंजुरी दिली. ३७ मैल लांबीचा तलाव होणार होता. सरकारने जमिनी घेतल्या, हजारो लोकांना घरं सोडायला लावली. त्यात पिढ्यान् पिढ्या तिथेच शेती करणारी घराणी होती. घरं पाडली, काही जाळली. आणि मग धरणाला विरोध वाढत गेला, खर्च वाढत गेला, आणि १९७५ मध्ये नदीकाठच्या चार राज्यांपैकी तीन राज्यांच्या गव्हर्नरांनी विरोधात मत दिलं. एकटं पेनसिल्व्हेनिया बाजूने होतं. धरण झालंच नाही. १९७८ मध्ये नदीच्या या भागाला कायद्याचं संरक्षण मिळालं. म्हणूनच डेलावेअरच्या मुख्य प्रवाहावर आजही एकही धरण नाही. पण उठलेली माणसं परत आली नाहीत.

वॉलपॅक सेंटर नावाचं गाव आहे तिथे. चर्च आहे, शाळेची इमारत आहे, चार-पाच घरं आहेत, पांढरा रंग दिलेला. माणूस नाही. मी पहिल्यांदा तिथे सायकल टेकवून पाणी प्यायले तेव्हा मला मुळशी आठवली.

पुणेकर सायकलवाल्यांना मुळशीचा रस्ता काही सांगायला नको. चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मग धरणाच्या काठाने ताम्हिणी. रविवारी पहाटे या रस्त्यावर रंगीबेरंगी हेल्मेटांची रांग लागते. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला डोंगर, फोटो काढायला उत्तम. त्या पाण्याखाली पन्नासच्या आसपास गावं आहेत. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी त्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तुरुंग भोगला, आणि ते हरले. वीज मुंबईला गेली. डेलावेअरला धरण झालं नाही तरी माणसं उठली आणि मुळशीला धरण झालं म्हणून माणसं उठली. दोन्हीकडे आज सायकलवाल्यांना सुरेख रस्ता मिळालाय. त्या रस्त्यावर जाऊच नये असं माझं म्हणणं नाही, मी दोन्हीकडे गेलेय आणि पुन्हा जाईन. पण रस्ता इतका निवांत का आहे, हे माहीत असावं. वॉलपॅकमध्ये ती माहिती सांगणारे फलक तरी आहेत. मुळशीच्या काठावर रिसॉर्टच्या जाहिरातीच जास्त दिसतात.

अजून एक गोष्ट इथल्या कौतुकाच्या ओघात राहून जाते. तीन वर्षांपूर्वी आई आली होती, तेव्हा तिला बुल्स आयलंडला नेलं. आई चौऱ्याहत्तरची. १९७० च्या दशकात ती पर्वती पायथ्याहून रोज सायकलने कॅम्पात टेलिफोन ऑफिसला जायची, नऊवारीतल्या माझ्या पणजीच्या नाकावर टिच्चून. तेव्हाचं पुणं म्हणजे सायकलींचंच शहर. मी गाडीच्या मागच्या रॅकवर दोन सायकली बांधत होते, ती दारात उभी राहून बघत होती.

"कुठे नेतेस त्या?"

"अगं आई, चालवायला."

"मग चालवत का नाही नेत? गाडीवर लादून चाळीस मैल न्यायच्या आणि तिथे जाऊन चालवायच्या? हे म्हणजे पोहायला जाताना बादलीत पाणी घेऊन जाण्यासारखं झालं."

तिला काय उत्तर देणार? खरंच आहे. माझ्या घरापासून वाचनालय दीड मैलावर आहे आणि तिथे मी सायकलने जात नाही, कारण मधे रूट २७ लागतो. त्याला सायकलसाठी पट्टी नाही, काही ठिकाणी पदपथसुद्धा नाही. माझ्या मुलाने शाळेत असताना कधीही एकट्याने सायकलवर मित्राचं घर गाठलं नाही. अमेरिकेने सायकल ही रविवारची चैन करून ठेवलीय. चार हजार डॉलरची सायकल, दोनशे डॉलरचे बूट, आणि पोचायला एसयूव्ही. आपली मुलं-मुली आयटीत चांगलं कमावतात, त्यांच्यात हल्ली हे वेड जोरात आहे. वेडाला माझी ना नाही, पण त्याला पर्यावरणाचं प्रेम वगैरे म्हणू नका. नदीकाठच्या त्या सुंदर वाटेवर मला सगळ्यात उपयोगी सायकल दिसली ती ट्रेंटनजवळ. जेवणाचा डबा हँडलला लटकवून कामावरून घरी चाललेल्या एका मेक्सिकन माणसाची.

रस्त्यावर वागण्याबद्दल दोन शब्द, कारण तक्रारी माझ्या कानावर येतात. पठारावरचे रस्ते शेतकऱ्यांचे आहेत. गवत कापायच्या दिवसांत मागून ट्रॅक्टर येतो आणि पुढे आपले बारा जण रस्ताभर पसरून गप्पा मारत चाललेले असतात, मोठ्याने, मराठीत. कायद्याने न्यू जर्सीत दोघं शेजारी-शेजारी चालवू शकतात, तेही वाहतुकीला अडथळा होत नसेल तरच. मागे यंत्र आलं की एका रांगेत यावं, जमल्यास बाजूला थांबून हात करावा. पुढच्या वेळी तोच माणूस आपल्याला ओलांडताना वेग कमी करतो, हा माझा अनुभव आहे. उलट बाजूने, गाडी चालवणाऱ्या आपल्या लोकांसाठी: मार्च २०२२ पासून न्यू जर्सीत सायकलवाल्याला ओलांडताना किमान चार फूट अंतर ठेवणं सक्तीचं आहे, तेवढी जागा नसेल तर वेग ताशी २५ मैलांवर आणायचा. पेनसिल्व्हेनियात चार फुटांचा नियम त्याच्याही दहा वर्षं आधीपासून आहे. हा नियम मी आमच्या गणपतीच्या स्वयंसेवकांच्या बैठकीत विचारून पाहिला. अठरापैकी दोघांना माहीत होता. नदीकाठच्या रूट २९ वर एकदा एका गाडीचा आरसा माझ्या कोपराला घासून गेलाय, म्हणून विचारते.

आता पुण्याकडे येते.

खडकवासल्याहून निघणारा मुठा उजवा कालवा पर्वती, स्वारगेट, हडपसर असा शहराच्या पोटातून जातो आणि पुढे दौंड-इंदापूरच्या शेतीला पाणी देतो. कालव्याचं पाणी गळतं, चोरीला जातं, त्यात कचरा आणि सांडपाणी मिसळतं. २७ सप्टेंबर २०१८ ला दांडेकर पुलाजवळ त्याची भिंत फुटली आणि काठच्या वस्तीत शेकडो घरांत पाणी शिरलं, ते चित्र आपण सगळ्यांनी इथे बसून फोनवर पाहिलं. यावर उपाय म्हणून खडकवासला ते फुरसुंगी असा सुमारे २८ किलोमीटरचा बोगदा काढून पाणी त्यातून न्यायची योजना आहे. योजना चुकीची आहे असं मला वाटत नाही. पाणी वाचेल, शेतकऱ्यांना जास्त मिळेल.

पण ज्या दिवशी पाणी बोगद्यात जाईल, त्या दिवशी शहराच्या मधोमध अठ्ठावीस किलोमीटर लांबीची, सपाट, सलग, सरकारी मालकीची पट्टी रिकामी होईल. सपाट, हे पुन्हा वाचा. सिंहगड रोडपासून हडपसरपर्यंत एकही चढ नसलेली, एकही सिग्नल नसलेली वाट. अशी जागा आता कोट्यवधी रुपये ओतूनही पुण्यात तयार करता येणार नाही. ती काय होणार? चारचाकींचा रस्ता? पार्किंग? की हळूहळू, इकडून एक भिंत आणि तिकडून एक शेड असं करत नाहीशी? डाव्या कालव्याचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे. कर्वेनगर-एरंडवण्याकडे 'कॅनॉल रोड' हे नाव उरलंय.

माझं म्हणणं इतकंच, की ती पट्टी पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलसाठी राखून ठेवावी, आणि ती राखायचा कायदा पाणी बोगद्यात जायच्या आधी व्हावा. न्यू जर्सीत बोटी बंद पडण्यापासून उद्यान होण्यापर्यंत चाळीस वर्षं गेली. त्या चाळीस वर्षांत कालवा वाचला तो पाण्यामुळे. पुण्याच्या कालव्यात पाणीच उरणार नाही, म्हणजे त्याला तेवढीसुद्धा सवड मिळणार नाही. पट्टीची मोजणी, नकाशा, मालकीची नोंद, आणि शेजारच्या बांधकामावर देखरेख ठेवणारी एखादी रुक्ष समिती, हे सगळं आधी हवं. रंगीत चित्रं आणि भूमिपूजन नंतर.

आणि काठावर ज्यांची घरं आहेत त्यांचं काय, हा प्रश्न सगळ्यात आधी. २०१८ मध्ये ज्यांच्या घरात पाणी घुसलं तीच ही माणसं. सायकलवाल्यांच्या सोयीसाठी त्यांना उठवून शहराबाहेर फेकायचं असेल तर मला ती वाट नको. घरं तिथेच किंवा अगदी जवळ बांधून द्या, मग वाट करा. खरं तर त्या वाटेचा खरा उपयोग त्यांनाच आहे. धुण्या-भांड्याच्या कामाला जाणाऱ्या बायका, मार्केट यार्डात हमाली करणारे, शाळेची मुलं. पेट्रोल न घालता, बसची वाट न बघता हडपसर गाठता येईल. वॉलपॅकची पांढरी घरं बघितल्यापासून मला हे जरा जास्तच कळकळीने वाटतं.

हे सगळं मी आमच्या दादाला फोनवर सांगितलं. तो सहकारनगरला राहतो, कालव्यापासून दोन मिनिटांवर. तो म्हणाला, "तुला तिथे बसून बोलायला काय जातंय गं? इथे रोज त्या वासातून आम्ही जातो. आणि पुण्यात सायकल ट्रॅक नाहीत का? आहेत की, त्यावर वडापावच्या गाड्या आहेत, टू-व्हीलर आहेत. महापालिकेच्या भाड्याच्या सायकली आल्या, गेल्या. तुम्ही एनआरआय लोक दोन आठवडे येता, नदीकाठ वगैरे म्हणता, आणि विमानात बसता."

त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. पण फुटकळ ट्रॅक का फसले याचं कारणही त्यातच आहे. दोनशे मीटरला तुटणारा, दर चौकात संपणारा, रस्त्याचा कडेचा उरलासुरला तुकडा देऊन त्याला सायकल मार्ग म्हटलं, तर त्यावर वडापावची गाडीच येणार. कालव्याची पट्टी सलग आहे आणि रस्त्यापासून वेगळी आहे, हाच तर फरक. आणि एनआरआयचं म्हणाल, तर पर्वती दर्शनपासून हडपसरपर्यंत कालव्याकाठी फ्लॅट घेऊन ठेवलेले किती जण या सदराचे वाचक आहेत? सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पार्किंगसाठी रात्री दोन वाजता भांडता येतं, तर जलसंपदा विभागाला आणि महापालिकेला एक पत्रही लिहिता येईल. मी मसुदा करून ठेवलाय.

डिसेंबरमध्ये मी पुण्याला जातेय. जनता वसाहतीपासून हडपसरपर्यंत कालव्याच्या काठाने आपण दोघं चालत जाऊ, असं मी दादाला सांगितलंय. कुठे भिंत आडवी येते, कुठे काठच उरला नाही, सगळं लिहून काढू. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "ये. येताना चांगले मास्क आण. आणि आईला आत्ताच सांगू नकोस, नाहीतर तीही यायचं म्हणेल."